उलारला पाठवलेली डिस्क

आमच्या दुकानात दोन माणसं काम करतात, मी आणि आमचे हे, मेदेर. हे कॉम्प्युटरपुढे बसतात, बाकी सगळं मी करते. खांद्यावर कॅमेरा घेऊन लग्नाच्या तंबूत घुसायचं मी. नवरीच्या मामांना 'जरा बाजूला व्हा' म्हणायचं मी. दिवसभर उभं राहून पाय सुजवून घ्यायचे तेही मीच. मग ते सगळं यांच्या हवाली केलं की हे आठवडाभर त्यात डोकं घालून बसतात, कापतात, जोडतात आणि शेवटी कोऱ्या डिस्कवर उतरवून देतात. लोक म्हणतात, मेदेरनं काय सुरेख डिस्क केली! मी तिथं काही बोलत नाही. घरी गेल्यावर बोलते.

मी सांगतेय ते २००९ सालचं. किर्गिझस्तानातल्या आमच्या आत-बाशी गावात तेव्हा डिस्क राइट करून देणारं दुकान आमचंच. गावातली निम्मी तरणी मुलं रशियात होती आणि घरात काय काय झालं ते त्यांना आमच्या डिस्कवरून कळायचं. बहिणीचं लग्न, पुतण्याचं पहिलं पाऊल, आजोबा गेल्यावरचा चाळिसावा दिवस, सगळं पातळ डबीत घालून बसमधून जायचं. यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. प्रत्येक डिस्कच्या पाठीवर हे काळ्या पेननं नाव घालायचे, तारीख घालायचे, कोपऱ्यात काहीतरी नक्षी काढायचे. त्यात यांचा जेवढा वेळ जाई तेवढ्यात मी दोन गिऱ्हाइकं उरकत असे.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळीच सुयुनबाय आबाके दुकानात आले; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात मानानं आबाके म्हणतात. बरोबर त्यांची भावजय साल्किन एजे होती. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला एजे म्हणते. तिच्या डोक्याला विधवेचा रुमाल होता. तिचा नवरा एसेनकुल, म्हणजे आबाकेंचा धाकटा भाऊ, उन्हाळ्याच्या सुरुवातीला घोड्यावर खोगीर चढवता चढवता गेला होता. चाळिसाव्याचं चित्रीकरण मीच केलं होतं.

आबाके खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "गुलसून, तुझं हे यंत्र माणसाचं बोलणं जसंच्या तसं नेतं का?"

"नेतं, आबाके. खोकलासुद्धा नेतं."

"खोकला राहू दे. उलारला माझा खोकला ओळखीचा आहे."

उलार म्हणजे एसेनकुलचा एकुलता एक मुलगा. तिकडे रशियात येकातेरिनबुर्गला एका गोदामात कामाला होता. बाप गेला त्याच आठवड्यात तो मालाच्या मांडणीवरून खाली पडला आणि मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडला, एकटा, अनोळखी माणसांत. आता अशा पोराला कोण सांगणार? आमच्यात मरणाची बातमी कुणाच्या अंगावर फेकत नाहीत. लांब असलेल्याला सांगायची तर घराण्यातला वडीलधारा जातो, चार माणसं जमवतो, त्याला मध्ये बसवतो आणि इकडचं तिकडचं बोलत, आडून आडून, त्याला हळूहळू तिथपर्यंत नेतो. ऐकणारा कोसळला तर धरायला दोन्ही बाजूंना खांदे असतात. दवाखान्यातल्या खाटेवर त्याला कसले खांदे? म्हणून आबाकेंनी सगळ्यांना बजावलं होतं, त्याला कुणी काही सांगायचं नाही. त्याच्या खोलीत राहणारी आपली पोरंही त्याला भेटायला जात आणि मूग गिळून गप्प बसत.

साल्किन एजेच्या वस्तीवर फोन लागत नाही. दर गुरुवारी ती लोणी घेऊन गावात येई आणि आमच्या दुकानातून लेकाशी बोले. 'वडील कुठं आहेत' म्हणून त्यानं विचारलं की सांगे, "वर कुरणावर आहेत रे, घोड्यांजवळ." फोन ठेवला की तोंड पुसून बाहेर पडे. मी तिच्याकडे बघत नसे, मला ते बघवायचं नाही.

"तो आता खोलीवर आलाय," आबाके म्हणाले. "आता त्याच्याभोवती माणसं आहेत. मीच जाणार होतो. पण हे गुडघे मला बाजारापर्यंतसुद्धा नेत नाहीत."

"फोनवर सांगितलं तर?" आमचे हे कॉम्प्युटरमागून म्हणाले.

आबाकेंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "फोन कानाला लावला की माणूस एकटा असतो, मेदेर. खोलीत दहा जण असले तरी एकटाच. तुम्ही माझं बोलणं डिस्कवर भरा. रविवारी पोरांना सुट्टी असते. सगळे बसतील, त्याला मध्ये घेतील, आणि मी टीव्हीतून सांगेन. दुसऱ्या कुणी त्याला सांगता कामा नये. माझ्या भावाचा तो एकच मुलगा आहे. त्याला एवढं तरी रीतीनं मिळू दे."

ते एवढं साधेपणानं बोलले. मी उगाच कॅमेऱ्याची तारच गुंडाळत बसले.

आमच्या दुकानात फोटोसाठी मागे एक पडदा असतो, धबधबा आणि त्यापुढे दोन राजहंस. आबाकेंनी मान वळवून तो बघितला. "माझा भाऊ गेलाय आणि मागे ही बदकं पोहतायत?"

पडदा काढला आणि भिंतीला साधा नमद्याचा गालिचा लावला. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून बसले.

"बोला, आबाके. सुरू आहे."

"कुणाशी बोलू? या काचेशी? काचेला कसलं आलंय बाप मेल्याचं दुःख?"

शेवटी आमच्या ह्यांना कॅमेऱ्याशेजारी जमिनीवर बसवलं. "मेदेर, तू उलार," आबाके म्हणाले. "नीट बस. पाय पसरू नकोस, तो माझ्यापुढे पाय पसरत नाही."

"आबाके, त्याचा पाय मोडलाय."

"मग पसर."

साल्किन एजे बाहेर जाऊन उभी राहिली. आणि आबाके बोलू लागले. बरा आहेस का, बाळा, म्हणाले. पाय दुखतो का, जेवण मिळतं का, तुझ्या शेजारी कोण कोण बसलंय. मग ह्या वर्षी बर्फ कसं उशिरा वितळलं ते सांगितलं. नदी चढली होती, मेंढ्या पलीकडे न्यायला किती त्रास झाला ते सांगितलं. त्यांचा आवाज अगदी सावकाश चालला होता, चढावर म्हातारा घोडा चालतो तसा. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. मला सगळं ठाऊक होतं, एसेनकुलला खड्ड्यात उतरवताना मी तिथं हजर होते, तरी मला वाटायला लागलं की हे आता काय सांगतायत कोण जाणे.

"कळपाच्या पुढे चालणारा एक असतो ना," ते म्हणाले, "तो ह्या वर्षी आमची वाट न बघता पुढे निघाला. वरच्या कुरणावर आमच्या आधी पोचला. आम्ही मागून हाका मारल्या. तो काही मागे वळला नाही, बाळा. उलार, शेजारच्यांचे हात धर. तुझा बाप, माझा पाठचा भाऊ एसेनकुल, गेला. आम्ही त्याला तीन दिवस राखला आणि चांगल्या जागी ठेवला. आता रड. मी इथंच बसलोय."

आणि ते खरंच बसून राहिले, कॅमेऱ्याकडे बघत. मी बंद करायचं विसरले. आमच्या ह्यांचे खांदे हलत होते. ह्यांचे वडील गेले तेव्हा हे सोव्हिएत सैन्यात होते, पार पूर्वेच्या टोकाला. सकाळच्या रांगेत अधिकाऱ्यानं तार वाचून दाखवली आणि म्हणाला, रांग सोडू नकोस. एवढंच. एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला त्याबद्दल दोनच वाक्यं बोलले होते. त्या दिवशी आबाकेंनी हात पुढे केला आणि यांच्या डोक्यावर ठेवला.

मग डिस्कचं काम सुरू झालं. बुरुल दुपारी निघणार होती. ही बाई इथून लोणी आणि कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, घेऊन येकातेरिनबुर्गच्या बाजारात विकते आणि अर्ध्या गावाचे निरोप नेते-आणते. तिची बिश्केकची मोटार चौकात भरत होती.

साल्किन एजेची इच्छा होती की चाळिसाव्याचंही त्यात असावं, कोण कोण आलं होतं ते लेकाला दिसावं. आमच्या ह्यांनी आधी आबाके ठेवले, मग चाळिसावा, आणि मध्ये बराच वेळ नुसता काळा पडदा.

"हे काय? बिघडलंय का?" साल्किन एजेनं विचारलं.

"नाही, एजे. तेवढ्यात त्याला रडू दे. मग तो आलेले लोक बघेल."

हे असं काही सुचतं ह्यांना. म्हणूनच मी ह्यांच्याबरोबर टिकलेय.

पहिली डिस्क वाया गेली. संपत आली होती आणि वीज मंदावली, कॉम्प्युटर घरघरला आणि ताटली बाहेर आली. कोरी डिस्क एकदा अर्धवट भरली की पुन्हा कोरी होत नाही, ती फेकायचीच. दुसरी घातली. मी पंखा बंद केला, किटलीची तार काढली आणि शेजारच्या शिंप्याकडे जाऊन म्हटलं, थोडा वेळ इस्त्री बंद ठेव, नाहीतर मी तुझ्या डोक्यावर ठेवीन. आमच्या ह्यांनी राइट करायचा वेग अगदी खालचा घेतला. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. आम्ही चौघं त्या पट्टीकडे बघत बसलो होतो. आबाकेंनी एकदा विचारलं, "आत्ता मी किती गेलो?" हे म्हणाले, "नदीपर्यंत." त्यांनी समाधानानं मान हलवली. बाहेर बुरुलच्या मोटारीचा भोंगा वाजायला लागला होता.

शेवटी ताटली आपोआप बाहेर आली. हे ती डिस्क कडेनं धरून उजेडात फिरवून बघत होते. मग दुकानातल्या प्लेअरवर घालून पाहिली. आबाके दिसले, बोलले, काळा पडदा आला, चाळिसावा आला. माझा जीव भांड्यात पडला. आबाकेंना धरून मी आणि साल्किन एजे बाहेर त्यांच्या नातवाच्या गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्यांच्या गुडघ्यांमुळे एवढ्याशा अंतराला पुष्कळ वेळ लागला. परत आले तोवर डिस्क डबीत, डबी वर्तमानपत्रात आणि वर्तमानपत्र बुरुलच्या पिशवीत गेलं होतं. तिला बजावून सांगितलं होतं, खोलीतल्या सगळ्यात थोरल्या मुलाच्या हातात दे, बाकी कुणाच्या नाही.

संध्याकाळी जेवताना हे एकदम म्हणाले, "आज अक्षर फार छान आलं."

मी पाव मोडत होते. "कसलं अक्षर?"

"डिस्कवरचं. एवढं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं. हात नुसता चालत होता."

"काय लिहिलंत?"

"नेहमीचंच. एसेनकुल, जानिबेकचा मुलगा. त्रेचाळीस ते दोन हजार नऊ. त्याची जागा उजेडात असो. खाली बारीक चंद्रकोर काढली."

मी पाव खाली ठेवला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू ह्यांच्याही लक्षात आलं. इतक्या वर्षांत ह्यांचा चेहरा असा उतरलेला मी बघितला नव्हता.

"अहो, आबाकेंनी एवढं नदी, बर्फ, घोडे करून त्याला जिथं न्यायचं, ते तुम्ही डबीवरच लिहून ठेवलंत!"

"डबीवर नाही. डिस्कवर."

"मग काय मोठा उपकार केलात! वर चंद्रकोर!"

मी आणखी बरंच बोलले. ते इथं सांगण्यासारखं नाही. हे एका शब्दानं उलटून बोलले नाहीत, हीच मोठी शिक्षा झाली मला. शेवटी माझं बोलणं संपलं आणि आम्ही दोघं बुरुलला फोन लावत बसलो. तिचा फोन बंद होता. कझाखांच्या हद्दीत गेली की ती फोन बंदच ठेवते, पैसे जातात म्हणून. स्पिरिट लावून कापसानं पुसलं तरी ते पेन जातं, मला एवढंच तिला सांगायचं होतं. थोडासा कापूस आणि दोन शब्द.

ते दिवस फार वाईट गेले. दुकानात कुणी आलं की हे नीट काम करत, पण डिस्कच्या पाठीवर काही लिहीत नसत. लोक विचारत, "मेदेर, नाव नाही घातलं?" हे म्हणत, "तुम्हीच घाला." सुयुनबाय आबाकेंना सांगायची माझी छाती झाली नाही. ते रोज नातवाला पाठवून विचारत, बुरुल पोचली का. मला सारखं डोळ्यांपुढे येई ते एकच, तो पोरगा कुठल्या तरी खोलीत एकटा बसलाय आणि हातात ती डिस्क धरून वाचतोय. त्याच्या बापाचं मरण त्याला आमच्या दुकानातल्या पेननं सांगितलं असणार.

बुधवारी बुरुलचा फोन आला, तिकडच्या नंबरवरून. मी आधी विचारलं, "डिस्क कुणाला दिलीस?"

"अगं, थोरला कामावर होता. सगळेच कामावर. उलारच आला, कुबड्यांवर, बसच्या तळावर. मला काय माहीत त्यावर लिहिलंय? मी म्हटलं, आबाकेंनी पाठवलीय, रविवारी सगळे मिळून बघा. तर त्यानं तिथंच कागद फाडला आणि डबी उघडली."

"वाचलं?"

"वाचलं."

आमचे हे उठून माझ्याजवळ आले.

"मग मीही वाकून बघितलं," बुरुल म्हणाली. "काय सांगू, गुलसून. एवढी गर्दी, धक्काबुक्की, आणि तो तसाच उभा. मला वाटलं आता पडतो. मी पिशव्या टाकल्या त्याला धरायला. पण नाही पडला. डिस्क परत डबीत घातली, लिहिलेली बाजू खाली करून. मग मला म्हणाला, 'बुरुल एजे, ह्यात आबाके स्वतः बोललेत?' मी म्हटलं, हो बाळा, स्वतः. तर म्हणतो, 'मग रविवारी ऐकतो. आबाकेंनी मला अजून काही सांगितलेलं नाही.'"

"असं म्हणाला?"

"अस्संच. आणि वर म्हणतो, 'तुम्हीही काही बघितलं नाही, एजे. अपाला कळू देऊ नका, आईचा जीव आहे, तिला वाटेल सगळं फुकट गेलं.' एवढं बोलून माझी लोण्याची पिशवी उचलायला लागला, एका कुबडीवर. मी त्याला शिव्या दिल्या आणि तिथंच बसून रडले. तो नाही रडला."

मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. ते ऐकून हे दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर गेले आणि खूप वेळ आले नाहीत. मी बोलवायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. साल्किन एजे नेहमीप्रमाणे आली, लोण्याचं भांडं ठेवलं, हात पुसले आणि फोनपाशी बसली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आम्ही आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवतो. त्यामुळे सगळं आमच्याही कानावर पडतं. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाणार होते. पण फोन वाजला आणि मी तिथंच राहिले.

"अपा, मी बोलतोय."

"बोल, माझ्या बाळा. पाय कसा आहे?"

"चांगला आहे. आता जिना चढतो. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? गाय व्याली. वासरू काळं आहे, कपाळावर पांढरं."

"अपा, रात्री तुझ्या सोबतीला कोणी झोपायला येतं का?"

त्यानं असं आधी कधी विचारलं नव्हतं. साल्किन एजे म्हणाली, "येते की. शेजारची मुलगी येते. का रे?"

"काही नाही. सहज. जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. तू आज म्हाताऱ्यासारखा काय बोलतोस?"

तो हसला. मी ते हसणं ऐकलं. आमचे हे कॉम्प्युटरमागे होते, त्यांनी डोकं खाली घातलं.

"आणि वडील?" उलारनं विचारलं. "वडील बरे आहेत?"

"बरे आहेत," साल्किन एजे म्हणाली. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती. "अजून वरच आहेत, कुरणावर. खाली उतरले नाहीत."

तिकडून काही ऐकू येईना. कुठलीशी ट्राम गेली, तिचा आवाज तेवढा आला. मला वाटलं फोन तुटला. एजेलाही वाटलं, ती म्हणाली, "उलार? उलार, ऐकू येतंय का?"

"येतंय, अपा." त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "राहू दे त्यांना वर. वर गार असेल. त्यांना आवडतं तिथं."

"हो," ती म्हणाली. "त्यांना आवडतं."

"मग ठेवू का? रविवारी आम्ही सगळे आबाकेंची डिस्क बघणार आहोत."

"बघा. सगळे मिळून बघा. एकटा बघू नकोस."

"नाही बघत, अपा."

फोन बंद झाला. साल्किन एजे माझ्याकडे वळली. "कळलं नाही ना त्याला काही? माझा आवाज कापला का गं?"

"नाही, एजे. मुळीच नाही."

"मला भीती वाटत होती. आई आहे, कुठंतरी आवाज कापायचा." तिनं रुमाल नीट केला. "रविवारपर्यंत निभावलं म्हणजे झालं."

मी तिला चहा दिला. मला तिला मिठी मारावीशी वाटत होती, आणि तसं केलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी तिला लोण्याचे पैसे किती झाले ते दोनदा विचारलं.

रविवारी आम्ही सगळे आबाकेंच्या घरी जमलो. बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळले होते, कुणी खाल्ले नाहीत. दुपार उलटून गेली तेव्हा आबाकेंच्या नातवाचा फोन वाजला. त्यानं तो आबाकेंच्या कानाशी धरला. आम्हाला शब्द ऐकू आले नाहीत, पण खोलीतल्या सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. तिकडे उलार ओरडून रडत होता, "माझे वडील, माझे वडील!" म्हणून, आमच्याकडे बाप गेला की मुलगा दारात उभा राहून रडतो तसा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. मागे इतर पोरांचे आवाज येत होते, बसलोय आम्ही, धरलंय तुला, असे. आबाके डोळे मिटून ऐकत होते आणि "हो, बाळा, हो" एवढंच म्हणत होते. आमचे हे दाराजवळ उभे होते. ते भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि ह्यावेळी त्यांना रांग सोडू नकोस म्हणणारं कुणी नव्हतं.

साल्किन एजे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. खूप वेळानं शांत झाली, तोंड धुऊन आली आणि माझ्याजवळ बसली.

"लेकराला काहीच कल्पना नव्हती," ती म्हणाली. "गुरुवारी कसा हसत बोलत होता, ऐकलंस ना? पण बरं झालं. निदान आबाकेंच्या तोंडून कळलं त्याला."

"हो, एजे," मी म्हटलं. "त्यांच्याच तोंडून कळलं."